कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी?

‘पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित’ हा मेसेज नाशिकच्या भांडी बाजारापासून सातपूरपर्यंत दुकानदारांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. समज स्वाभाविक आहे. कुलूप पाहून कुणालाही भरवसा वाटेल.

पण ते एवढंच सांगतं, की तुमचा फोन आणि साइट यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे नाही. कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट, काही मिनिटांत मिळतं, भामट्यालाही. म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

तपासायला पत्ता वाचा: पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंतचा (/) भाग, उजवीकडून डावीकडे. ‘होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) रिन्यू करा’ असा मेल आला आणि पत्ता ‘कंपनीचं नाव डॉट रिन्यू-हेल्प डॉट कॉम’ निघाला, तर साइट रिन्यू-हेल्पवाल्याची, कंपनीची नाही. लिंक सोडा, पत्ता स्वतः टाइप करा. आपल्या दुकानाच्या साइटला मात्र कुलूप हवंच, गिऱ्हाइकाचा पासवर्ड वाटेत उघडा पडू नये म्हणून.