एम३चा आलेख आणि पालोमारचे विद्यार्थी

एम३ या गोलाकार तारकागुच्छाची (एकत्र जन्मलेल्या लाखो ताऱ्यांच्या दाट गोळ्याची) दोन फिल्टरांतून छायाचित्रे घ्यायची, ताऱ्यांच्या प्रती (म्हणजे दिसणारे तेज; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) मोजायच्या, ताऱ्यांचा रंग आणि प्रत दाखवणारा रंग-प्रत आलेख मांडायचा आणि त्यावरून गुच्छाचे वय काढायचे, हा आज खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रकल्प आहे. या आलेखाने ताऱ्यांचे वय सांगायला सुरुवात केली तीही विद्यार्थ्यांच्याच हातून. हा प्रकल्प करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

एम३ दिसतो स्वाती आणि सप्तर्षींच्या शेपटाच्या दरम्यान, सुमारे ३४ हजार प्रकाशवर्षांवर. १७६४ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ मेसिएला तो धुरकट ठिपका वाटला. वीस वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने त्यात सुटे तारे पाहिले. पुढे अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅप्लीने अशा गुच्छांची अंतरे काढली. बरेचसे गुच्छ धनू राशीच्या दिशेला दाटलेले आहेत, म्हणजे आकाशगंगेचे केंद्र तिकडे आहे आणि सूर्य त्यापासून बराच दूर, हे त्याने १९१८च्या सुमारास दाखवले. मात्र त्याच्या छायाचित्रांच्या काचांवर उमटत होते ते गुच्छातले फक्त तेजस्वी, राक्षसी (म्हणजे म्हातारपणी फुगलेले) तारे. सूर्यासारखे साधे तारे एवढ्या अंतरावरून फारच मंद दिसतात.

ती उणीव भरून निघायला १९४८ उजाडावे लागले. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या २०० इंची दुर्बिणीचे उद्घाटन झाले आणि तिथल्याच कॅल्टेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेमध्ये खगोलशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही सुरू झाला. अ‍ॅलन सँडेज आणि हॉल्टन आर्प हे तिथले सुरुवातीचे विद्यार्थी. निरीक्षणाचे धडे त्यांना वॉल्टर बाडेने दिले. ताऱ्यांचे तरुण आणि जुने असे दोन वर्ग असतात हे बाडेने १९४४ साली मांडले होते. आता प्रश्न होता की गुच्छातले राक्षसी तारे साध्या ताऱ्यांच्या मुख्य क्रमाला (गाभ्यात हायड्रोजन जाळणारे तारे आलेखात ज्या पट्ट्यात येतात त्याला) नेमके कुठे जोडलेले आहेत? एम९२ या दुसऱ्या गोलाकार गुच्छाचे काम आर्प, सँडेज आणि विल्यम बाउम यांनी मिळून केले. सँडेजने एम३ घेतला. एकोणिसाव्या प्रतीच्या आसपास त्याला मुख्य क्रम सापडला आणि तो राक्षसी ताऱ्यांकडे वळतो ती जागाही.

सगळे मर्म त्या वळणात आहे. जास्त वस्तुमानाचा तारा हायड्रोजन भराभर जाळतो आणि आधी मुख्य क्रम सोडतो. गुच्छ जितका जुना, तितके वळण खाली सरकते. मार्टिन श्वार्त्सशिल्डबरोबर सँडेजने १९५२ साली या उत्क्रांतीचे गणित मांडले. तेव्हा वय निघाले काही अब्ज वर्षे. पुढे ताऱ्यांची प्रारूपे सुधारत गेली तसा आकडा वाढत गेला. १९९०च्या दशकात तर विश्वाच्या प्रसरणावरून निघणाऱ्या वयापेक्षा गुच्छच म्हातारे ठरू लागले! ताऱ्यांची अंतरे मोजणाऱ्या हिप्पार्कस उपग्रहाच्या मापनांनी गुच्छांचे वय खाली आले, विश्वाचे प्रसरण वेग घेत असल्याच्या शोधाने विश्वाचे वय वर गेले, आणि तिढा सुटला.

सँडेजच्या १९५३च्या आलेखात आणखी एक नवल होते. वळणाच्या वर, जिथले तारे केव्हाच संपायला हवे होते, तिथे काही निळे तारे ठाण मांडून होते. ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात ते हेच. जोडीदाराकडून वस्तुमान ओढून किंवा दोन तारे एक होऊन ते घडतात, असे आज मानले जाते. एम३च्या जवळच दिसणाऱ्या एनजीसी ५४६६ या गुच्छात अशा एका ताऱ्यालगत श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) असल्याचे २०१९ साली उघड झाले. अतिनील प्रकाशातली ती निरीक्षणे होती भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या यूव्हीआयटी दुर्बिणीची.