पेपर पाठवण्याआधी एवढं वाचा: 'कारणे द्या' लिहिलं म्हणजे प्रश्न वरच्या पातळीचा झाला का?

नमस्कार सर, मॅडम.

शाळांच्या प्रश्नपत्रिका टाईप करून, तपासून द्यायचं काम आम्ही करतो. प्रथम सत्राचे पेपर यायला लागले की आमचा फोन दोन गोष्टींसाठी वाजतो. एक म्हणजे पेपर कधी मिळणार, आणि दुसरं म्हणजे 'आम्ही संविधान तक्ता (पेपरात कुठल्या पातळीच्या प्रश्नांना किती मार्क ते दाखवणारा) व्यवस्थित भरून दिला होता, तुम्ही उपयोजनाचे मार्क कमी करून ज्ञानात का टाकले'. पेपरला उशीर होतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीमुळेच, म्हणून आज त्याबद्दलच जरा सविस्तर लिहितोय.

ज्ञान, आकलन, उपयोजन (शिकलेलं नव्या ठिकाणी वापरणं), कौशल्य हे तुम्हाला डीएड बीएडपासून पाठ आहे, ते परत सांगत बसत नाही. अडचण येते ती क्रियापदांच्या यादीमुळे. व्हॉट्सॲपवर फिरणारी एक पीडीएफ जवळजवळ प्रत्येक शाळेत आहे, त्यात 'सांगा, लिहा, नावे द्या' म्हणजे ज्ञान, 'स्पष्ट करा' म्हणजे आकलन, 'कारणे द्या, फरक स्पष्ट करा' म्हणजे विश्लेषण असं दिलेलं असतं, आणि पेपर काढणारे सर ती यादी शेजारी ठेवून प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावरून तक्ता भरतात. यादी चुकीची नाही, पण ती प्रश्न सुचायला मदत म्हणून आहे, तिच्यावरून पातळी ठरवता येत नाही.

नेहमीचं उदाहरण घ्या. शास्त्रीय कारण द्या: उन्हाळ्यात माठातले पाणी थंड राहते. शब्दाकडे बघितलं तर विश्लेषण वाटतं. पण हे उत्तर गाईडात आहे, वहीत आहे, फळ्यावर लिहून झालंय, मुलगा 'माठाला सूक्ष्म छिद्रे असतात, त्यातून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते, त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते' हे एका दमात लिहून टाकतो. त्याने यात पाठ केलेलं आठवलं, बाकी काही केलं नाही. आमच्या तक्त्यात हा प्रश्न ज्ञानात जाणार. आता तोच प्रश्न असा विचारा: 'राधाच्या आईने माठ छान दिसावा म्हणून त्याला बाहेरून ऑइलपेंट दिला, आता पाण्यावर काय परिणाम होईल आणि का?' किंवा 'मे महिन्यात गार पाणी देणारा माठ जुलैत तेवढं गार पाणी का देत नाही?' धडा तोच, मार्क तेवढेच, पण मुलाला छिद्रं, बाष्पीभवन आणि हवेतला दमटपणा यांची सांगड स्वतः घालावी लागते. हे उपयोजन. आणि हेच ऑइलपेंटचं उदाहरण तुम्ही वर्गात आधीच सोडवून घेतलं असेल तर तेही परत ज्ञानात येतं! म्हणजे प्रश्नाची पातळी मुलाला आधी काय शिकवलंय त्यावर ठरते.

हे आमचं डोकं नाही. 1948 साली अमेरिकेत बोस्टनला मानसशास्त्रज्ञांचं अधिवेशन भरलं होतं, तिथे कॉलेजांमध्ये परीक्षेचं काम बघणारे काही लोक जमले, एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत आणि दरवर्षी नव्याने पेपर काढायचं ओझं कमी व्हावं हा त्यांचा हेतू. त्यातून शिकागो विद्यापीठाच्या बेंजामिन ब्लूम यांच्या संपादनाखाली 1956 ला ते प्रसिद्ध वर्गीकरण आलं: ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन. म्हणजे ज्याला आपण शिक्षणशास्त्राचा जड विषय समजतो तो मुळात पेपर काढणाऱ्यांनी पेपर काढणाऱ्यांसाठी केलाय, मला तर ही गोष्ट फार आवडते. आणि त्याच पुस्तकात स्पष्ट म्हटलंय की परीक्षेतला प्रश्न कुठल्या गटात टाकायचा हे ठरवताना विद्यार्थ्याचं आधी काय शिकून झालंय ते माहीत असावं लागतं किंवा गृहीत धरावं लागतं. पुढे 2001 मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी त्यात सुधारणा केली, ज्ञानाच्या जागी स्मरण आलं, संश्लेषण जाऊन सगळ्यात वर निर्मिती आली आणि मूल्यमापन एक पायरी खाली आलं. तुमच्या शाळेत जुना तक्ता चालतो की नवा तेवढं आम्हाला आधी कळवा, दोन्ही एकत्र करून पाठवलं की बेरीज जुळत नाही.

बरेच जण विचारतात की ब्लूमच्या सहा पायऱ्यांत कौशल्य कुठे आहे. तिथे नाहीये, त्या पायऱ्या विचारांच्या आहेत, आकृती काढणं, कोन मोजणं, नकाशा भरणं हे हाताचं काम आपल्या तक्त्यात वेगळं धरतात, म्हणून आम्हीही वेगळा रकाना ठेवतो. पॉलिटेक्निकच्या सरांचं आर, यू, ए म्हणजे रिमेंबर, अंडरस्टँड, अप्लाय एवढंच असतं, ते काम सोपं जातं.

दुसरा गोंधळ म्हणजे कठीण प्रश्न आणि वरच्या पातळीचा प्रश्न एकच समजणं. पुरंदरच्या तहात किती किल्ले द्यावे लागले, 23, हे निम्म्या वर्गाला आठवणार नाही, म्हणून प्रश्न कठीण आहे पण आहे तो ज्ञानाचाच. उलट पहिलीच्या मुलापुढे झाडांची दहा पानं ठेवून 'तुला वाटेल तसे गट कर आणि का केलेस ते सांग' म्हटलं तर ते सोपं आहे, मजेचं आहे, आणि तरी विश्लेषण आहे. सोपे, मध्यम, कठीण हा रकाना वेगळा भरा, कृपा करून.

सुरुवातीची दोन वर्षं आम्हीही क्रियापद बघूनच तक्ते करून देत होतो, कबूल करतो. एका शाळेच्या मॅडमचा निकालानंतर फोन आला, आमच्या तक्त्याप्रमाणे नववीच्या विज्ञानात उपयोजन भरपूर होतं आणि मुलांना मार्कही चांगले पडले होते, पण पुढच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या पेपरात तोच भाग जरा फिरवून विचारला तर तीच मुलं कोरी बसली. त्या चिडल्या नव्हत्या, त्यांना वाईट वाटलं होतं आणि मला त्याहून जास्त, कारण आमच्या कागदाने त्यांना मुलांना समजलंय असं सांगितलं होतं. तेव्हापासून आम्ही वहीचे फोटो मागतो.

तर हा फोटोंचा त्रास का, याचं उत्तर ते आहे. 'नुसतं टाईप करून द्या, तपासू नका' असं म्हणणारेही ग्राहक आहेत, तसं काम आम्ही करतो, दर कमी आहे आणि दुसऱ्या दिवशी मिळतं, पण त्या पेपरसोबत आमचा संविधान तक्ता मिळणार नाही. तक्त्यासकट पेपर हवा असेल तर चार दिवस लागतात, त्यात प्रत्येक प्रश्न वहीशी आणि स्वाध्यायाशी ताडून बघितला जातो, आणि जिथे पातळी पडते तिथे आम्ही पर्यायी प्रश्न सुचवून पाठवतो, माठासारखा. सुचवलेला प्रश्न घ्यायचाच असा आग्रह नाही, वर्ग तुमचा आहे. नमुना उत्तरं त्याच दरात येतात, आणि उपयोजनाच्या प्रश्नांना वेगळ्या शब्दांतलं कुठलं उत्तर ग्राह्य धरायचं तेही लिहून देतो, तपासणीच्या वेळी त्याचा फार उपयोग होतो असं बऱ्याच मॅडम सांगतात.

तुम्ही एवढंच करा: प्रश्नांसोबत त्या घटकाच्या वहीची पानं (एका हुशार मुलाची आणि एका साधारण मुलाची असली तर उत्तम), स्वाध्यायातले कुठले प्रश्न सोडवून घेतले ते, आणि वर्गात कुठलं गाईड वापरतात त्याचं नाव. फोटो उजेडात काढा आणि पान पूर्ण येऊ द्या. गणितात 'आकडे बदललेत' एवढं लिहू नका, आकडे बदललेलं गणित रीत पाठ असली की सुटतं, मांडणी बदलली असेल तरच तसं कळवा.

पहिल्या दोन दुरुस्त्यांचे पैसे घेत नाही. दिवाळीआधीचे पेपर सप्टेंबरअखेर आले तर तक्त्यासकट वेळेत होतात, त्यानंतर आलेले आम्ही घेतो पण फक्त टाईप करून.