ओरडा एकाला, राजीनामा दुसऱ्याचा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांत कुणी 'पेपर टाकला', म्हणजे राजीनामा दिला, की एचआरच्या फॉर्मवर कारण बहुधा ठरलेलं: वैयक्तिक. टपरीवर तोच माणूस म्हणतो, "दोन पैसे जास्त मिळतायत." खोटं तो बोलत नसतो, पण पुष्कळदा त्यामागे एखादा साहेब असतो.

साहेब एखाद्या दिवशी तापला म्हणजे छळ झाला, असं संशोधक मानत नाहीत. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लेमान यांनी निकष लावला तो असा: आठवड्यातून निदान एकदा आणि निदान सहा महिने. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाचे स्टोले आयनार्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सुधारून मांडलेल्या प्रश्नावलीत २२ प्रकारच्या वागणुकीबद्दल विचारतात, आणि त्यांत 'छळ' हा शब्द कुठेही येत नाही. ते बरंच आहे. थेट विचारलं तर आपल्याकडचा माणूस "साहेब जरा कडक आहेत, बाकी काही नाही" म्हणून मोकळा होईल. त्याऐवजी विचारायचं: कामाला लागणारी माहिती तुमच्यापासून दडवतात का? चारचौघांत पाणउतारा होतो का? जुनी चूक पुन्हापुन्हा उगाळतात का? या उत्तरांचा नोकरी सोडण्याच्या इच्छेशी संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे.

आता कारखान्यातली एक लाइन डोळ्यांसमोर आणा. रिजेक्ट झालेले जॉब, म्हणजे नापास ठरलेले भाग, टेबलावर मांडलेत आणि सुपरवायझर एका ट्रेनी पोराची सगळ्यांदेखत हजेरी घेतोय, रोजच्यासारखी. शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर मान खाली घालून मापाचा व्हर्नियर पुसत राहतो. त्याला कुणी काही बोललेलं नाही. त्याचं काय होतं?

कॅनडातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये नेमकं हेच तपासलं. रुग्णालयांच्या ४१ विभागांतल्या ३५७ परिचारिकांची उत्तरं त्यांनी घेतली. ज्या विभागात छळ जास्त, तिथे स्वतः फारसा त्रास न झालेल्यांनाही नोकरी सोडावीशी वाटत होती. उलट, विभागातल्या वातावरणाचा परिणाम ज्यांच्या वाट्याला थेट त्रास कमी आला होता त्यांच्यावरच अधिक ठळक दिसला. संशोधकांच्या मते यामागे नुसती 'उद्या आपली पाळी' ही भीती नसावी. डोळ्यांदेखत होणाऱ्या अन्यायाची चीड असावी. मला हे पटतं. चीड गिळून रोज पंच करत आत जाणं सोपं नसतं.

अर्थात वाटणं वेगळं आणि जाणं वेगळं. घराचा हप्ता, पोरांची फी, गावाकडचे आई-वडील. नॉर्वेत दोन वर्षांनी पुन्हा चौकशी केली तेव्हा छळ सोसलेले बहुतेक जण नोकरीतच होते. म्हणजे सोडून गेलेल्यांची टक्केवारी काढून कंपनीला खरं चित्र दिसत नाही.

स्वीडनने अशा छळाविरुद्ध १९९३ मध्येच नियम केला. आपल्याकडे २०१३ चा कायदा आहे, पण तो महिलांच्या लैंगिक छळापुरता; रोजच्या पाणउताऱ्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. तोवर एचआरला एक करता येईल: एकाच लाइनवरून माणसं गळू लागली, तर ज्यांनी कधी ओरडा खाल्ला नाही त्यांना आधी बोलवावं, आणि तेही सुपरवायझर केबिनमध्ये नसताना.