भरती-खाली (मालवाहतूक, ग्रामीण विदर्भ)

भरती म्हणजे गाडीत माल भरणं आणि खाली म्हणजे पोचल्यावर उतरवणं, पण या दोन्हीच्या आधी आणि नंतर गाडी जी नुसती उभी असते तो वेळही लोक भरती-खालीतच धरतात. "गाडी खाली झाली का?" हा मालकाचा फोन प्रत्येक ड्रायव्हरला पाठ आहे. मालवाहतूक सुधारायची म्हटलं की गोष्टी निघतात रस्ता, इंजिन, जीपीएसच्या, पण हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात गाडी नेमकी कुठं मार खाते ते पाहायचं असेल तर कापसाच्या हंगामात जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) गेटवर जाऊन उभं राहावं.

दिवाळी झाली की बंड्या (बैलगाड्या), ट्रॅक्टर, मॅटेडोर सगळं एकाच लाइनमधे. आधी भरल्या गाडीचा काटा, मग ग्रेडर, म्हणजे प्रत तपासणारा, ओलावा पाहतो (८ टक्क्यांच्या वर असला की सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, भाव कापते, १२ च्या वर घेतच नाही), मग ढिगावर कापूस खाली करायचा, मग रिकाम्या गाडीचा परत काटा, आणि यातलं एक जरी अडकलं की मागचं सगळंच अडकलं. त्यातच सरकी न्यायला आणि रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) १७० किलोच्या बांधलेल्या गठाणी न्यायला आलेले ट्रकही त्याच गेटवर.

आता मुख्य मुद्दा. गाडी उभी आहे म्हणजे ड्रायव्हर आराम करतोय असं अनेक मालकांना खरंच वाटतं, आणि ते साफ चूक आहे. लाइन दर थोड्या वेळानं सरकते, डोळा लागला तर नंबर जातो, म्हणून तो दिवसभर स्टेअरिंगवर जागाच, आणि संध्याकाळी भरती झाली की लगेच रात्रीचा प्रवास, कारण गेलेला वेळ "कव्हर" करायचा असतो. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं भान रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखं मंद होतं हे प्रयोगांत दिसलंय, आणि कायद्याची मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे न पिताच तो मर्यादेच्या पुढं गेलेला असतो. पहाटे २ ते ६ ही वेळ तर शरीराची झोपेचीच, त्यात ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारखा सरळसोट रस्ता असला तर उघड्या डोळ्यांनीही डुलकी लागते. चहा-तंबाखूनं थोडा वेळ निघतो, झोप भरून निघत नाही.

कायदा होता. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला जास्तीत जास्त ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगायचा (नोव्हेंबर २०२५ मधे त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), पण तोही ५ किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता, आणि आपल्या गावाकडं एक-दोन गाड्यांचेच मालक जास्त. बैलांसाठी १९६५ चे नियम आहेत, पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ ओझ्याला जुंपायचं नाही. धुरकरी (बंडी हाकणारा) हे नियम नसतानाही पाळायचा, बैल सोडून झाडाखाली बसायचा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि केबिन तर त्याहून तापते, तिथं माणसालाही ही सावली मिळालीच पाहिजे. २०२५ मधे ३.५ टनांवरच्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली हे चांगलं झालं, पण जुने ट्रक आणि छोटे मॅटेडोर त्यातून सुटले.

सुधारणा फार महाग नाहीत. वेळ ठरवून टोकन देणं सगळ्यात आधी, २०२५ च्या हंगामापासून सीसीआयच्या 'कपास किसान' ॲपवर शेतकऱ्याला विक्रीचा स्लॉट घेता येतो, तसंच गठाणींच्या ट्रकलाही मिळायला हवं. भरल्या आणि रिकाम्या गाडीचा काटा वेगळा असला तर कोंडी बरीच फुटते. गेटजवळ पाणी, संडास, सावलीत चार खाटा, आणि नंबर आला की ड्रायव्हरला उठवणारा एक माणूस. आणि बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) गाडी पोचल्याची वेळ आणि खाली झाल्याची वेळ दोन्ही लिहायच्या, ठरल्यापेक्षा जास्त उभी राहिली तर हॉल्टिंगचे, म्हणजे उभं राहण्याचे, पैसे लावायचे, त्यातला ड्रायव्हरचा वाटाही आधीच ठरवून ठेवायचा. तोंडी ठरलेलं हॉल्टिंग हिशोबाच्या दिवशी कुणाला आठवत नाही.