ई-इंकची स्क्रीन मधेच काळी का होते?

मामेभावाने अँड्रॉइडवाला ई-इंक टॅब घेतला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन, "दादा, पीस खराब आलाय, मधेच सगळी स्क्रीन काळी होऊन परत येते, बदलून घेऊ का?" अरे, खराब नाहीये तो! हे काळं होणं का घडतं ते कळलं की या टॅबवर काय चालवायचं तेही कळतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

फोनची स्क्रीन स्वतः उजेड देते. ई-इंक देत नाही, ती कागदासारखी बाहेरचा उजेड परत पाठवते (फ्रंटलाइट, म्हणजे अंधारात वाचायचा दिवा, असला तरी तो वरून पसरवलेला असतो). आत केसाच्या जाडीएवढ्या लाखो पारदर्शक कुप्या, कुपीत तेल, आणि तेलात तरंगणारे दोन प्रकारचे कण. पांढरे टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच, आणि काळे कार्बनचे. दोघांवर विरुद्ध विद्युतभार. खालून साधारण 15 व्होल्ट एका दिशेने दिले की पांढरे वर येतात, उलटे दिले की काळे. एमआयटीतल्या मंडळींनी 1990 च्या दशकात हे जमवलं, 2004 ला सोनीचा लिब्रिए हा ई-रीडर आला, 2007 ला किंडल.

आता खरी मजा. व्होल्टेज काढलं तरी कण आहेत तिथेच राहतात, कारण तेलातून हलणं त्यांना जड जातं. म्हणून पान धरून ठेवायला वीज लागतच नाही, फक्त उलटताना लागते. पण याच कारणाने ते हळूही आहेत! थंडीत खोबरेल कसं घट्ट होतं, तसं हे तेल गोठत नसलं तरी दाट होतं आणि कण अजून रेंगाळतात, म्हणून टॅबमध्ये तापमानाचा सेन्सर असतो. करड्या छटेसाठी तर कण बरोब्बर अर्ध्यात थांबवायचे असतात आणि ते आत्ता नेमके कुठे आहेत हे बघायची काही सोय नाही, त्यामुळे कंट्रोलर (स्क्रीन चालवणारी चिप) जुनी छटा, नवी छटा आणि तापमान यांच्या तक्त्यातून व्होल्टेजच्या धक्क्यांचा क्रम काढतो, त्याला वेव्हफॉर्म म्हणतात, त्यात अधिक आणि उणे धक्क्यांची बेरीज एकूणात शून्य ठेवावी लागते नाहीतर पॅनल हळूहळू खराब होतं. तरी चुका साचतात, मागच्या पानाची पुसट सावली राहते. मग सगळे कण एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला नेऊन नव्याने सुरुवात करायची. भावाने बघितलं ते हेच!

म्हणून ॲप निवडताना एकच बघायचं, स्क्रीन किती वेळा बदलते. पुस्तकं, व्हॉट्सॲपचे मेसेज, कॅलेंडर, नोट्स मस्त. रील्स आणि नकाशा नको. फास्ट मोड असतो, त्यात छटा गाळून नुसतं काळं-पांढरं करतात, स्क्रोलिंग सुसह्य होतं पण सावल्या वाढतात. सेटिंगमधून ॲनिमेशन बंद करा, जिथे जमेल तिथे स्क्रोल सोडून पान उलटा.

"मोबाइलच्या निळ्या उजेडाने डोळे जातात, म्हणून ई-इंक घ्या" असे मेसेज फिरतात, त्यावर विश्वास ठेवू नका. स्क्रीनच्या निळ्या उजेडाने डोळ्याला इजा होते याला पुरावा नाही. डोळे शिणतात ते मुख्यतः टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात म्हणून, आणि ते ई-इंकवरही होऊ शकतं. ई-इंक घ्यायची ती उन्हात गच्चीवर बसून वाचता येतं म्हणून.

भावाला आता जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन पीडीएफ वाचायच्यात. त्याला सांगितलंय, 10 इंची स्क्रीन आहे तर पान आडवं करायची गरज नाही, फक्त कॉन्ट्रास्ट वाढव, म्हणजे पिवळ्या कागदाचा करडा थर जाऊन अक्षर ठसठशीत दिसेल.