सॅटर्न (अमेरिकन मोटारगाडी ब्रँड)

सॅटर्न हा जनरल मोटर्सचा, म्हणजे जीएमचा, आता बंद झालेला ब्रँड. 1985 ला कंपनी स्थापन झाली, 1990 ला पहिली गाडी बाहेर पडली आणि 2010 ला दुकान बंद. म्हणजे रस्त्यावर जेमतेम वीस वर्षं. भारतात ती कधी विकायला आलीच नाही त्यामुळे आपल्याकडे नाव फारसं कुणाला माहीत नसतं, पण अमेरिकेत साध्या, स्वस्त, छोट्या गाडीवर लोकांनी इतका जीव लावल्याची उदाहरणं कमीच आहेत. आणि हा जीव गाडीच्या इंजिनापेक्षा जास्त ती विकणाऱ्या आणि बनवणाऱ्या माणसांच्या वागण्यावर होता, हे सॅटर्नबद्दल वाचताना सतत लक्षात ठेवावं लागतं.

सुरुवात कशी झाली

सत्तरच्या दशकात पेट्रोलचे भाव भडकले आणि अमेरिकन गिऱ्हाईक टोयोटा, होंडा, डॅटसन यांच्या छोट्या गाड्यांकडे वळलं. जीएमला मोठ्या गाड्या बनवायची सवय, छोटी गाडी बनवायला गेले की काहीतरी बिनसायचं (जीएमच्याच शेवरोले ब्रँडची वेगा हे त्याचं गाजलेलं उदाहरण, गंज आणि इंजिनच्या तक्रारींनी ती पार बदनाम झाली). शेवटी नोव्हेंबर 1983 मध्ये चेअरमन रॉजर स्मिथ यांनी जाहीर केलं की जपानी गाड्यांना टक्कर देणारी छोटी गाडी आपण पूर्णपणे नव्याने बनवणार, आणि जानेवारी 1985 मध्ये त्यासाठी सॅटर्न कॉर्पोरेशन ही वेगळी उपकंपनी काढली. खर्चाचा आकडा तेव्हा 5 अब्ज डॉलर सांगितला होता. नाव घेतलं ते चांद्रमोहिमेच्या सॅटर्न रॉकेटवरून, रशियाच्या मागे पडलेली अमेरिका त्या रॉकेटने पुढे गेली म्हणून.

कारखाना कुठे काढायचा यावरून राज्याराज्यांत अशी चढाओढ लागली की गव्हर्नर लोक टीव्हीवर जाऊन आपल्या राज्याची बाजू मांडायला लागले. शेवटी निवड झाली टेनेसीतल्या स्प्रिंग हिलची, नॅशव्हिलच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवरचं, हजार-दीड हजार वस्तीचं शेतीवाडीचं गाव.

खरा वेगळेपणा होता तो युनियनबरोबरच्या करारात. युनायटेड ऑटो वर्कर्सने बाकी जीएमपेक्षा पूर्ण वेगळा करार इथे केला, त्यात कामगारांना ताशी मजुरीऐवजी ठराविक पगार, पगाराचा काही भाग क्वालिटी आणि ट्रेनिंगवर अवलंबून, कामाच्या छोट्या टीम आणि कारखान्याच्या निर्णयात युनियनचा बरोबरीने वाटा असं सगळं होतं. देशभरातल्या जीएमच्या कारखान्यांतून लोक जुनी सिनियॉरिटी सोडून, बायकापोरांना घेऊन टेनेसीला आले, हे काही सोपं नव्हतं. असेंब्ली लाइनवर गाडीबरोबर सरकणारे लाकडी प्लॅटफॉर्म होते, कामगार त्यावर उभा राहून गाडीसोबतच पुढे जायचा, चालत्या लाइनच्या मागे धावत नट आवळायची वेळ यायची नाही, आणि काही चुकलं तर साधा कामगारसुद्धा लाइन थांबवू शकायचा. डेट्रॉइटमध्ये, म्हणजे अमेरिकन मोटारधंद्याच्या राजधानीत, तेव्हा ही मोठी गोष्ट होती.

30 जुलै 1990 ला पहिली गाडी लाइनवरून उतरली, ती रॉजर स्मिथ आणि युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर यांनी मिळून चालवत बाहेर आणली. लगेच दुसऱ्या दिवशी स्मिथ रिटायर झाले. ज्या माणसाने हे रोप लावलं तोच निघून गेल्यावर हेड ऑफिसात सॅटर्नला वाली उरला नाही, आणि माझ्या मते पुढच्या बऱ्याच गोष्टी इथेच ठरल्या.

गाडी

सुरुवातीला चार दाराची एसएल आणि दोन दाराची एससी कूपे, नंतर 1993 च्या मॉडेलला एसडब्ल्यू वॅगन, या सगळ्या मिळून एस सिरीज. इंजिन सगळ्यांना 1.9 लिटरचं, साध्या मॉडेलला 85 हॉर्सपॉवर आणि ट्विन कॅमवाल्याला 124. चालवायला हलकी, मॅन्युअल गिअरची असेल तर हायवेला लिटरमागे 17 किलोमीटरच्या आसपास जायची. इंजिनचा आवाज मात्र खूप, आणि आत हादरे जाणवायचे, ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती.

लोकांना आवडले ते दरवाजे. गाडीचा सांगाडा स्टीलचा, पण दरवाजे, फेंडर आणि मागच्या बाजूचे पॅनल प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे, सांगाड्यावर बोल्टने बसवलेले. शोरूममध्ये सेल्समन सरळ दरवाज्याला लाथ मारून दाखवायचा किंवा गिऱ्हाइकाला गुडघ्याने दाबायला सांगायचा, पॅनल आत जायचं आणि सोडलं की टक्कन परत जागेवर. पार्किंगमध्ये शेजारच्याने दार आपटलं तरी डेंट नाही, आणि ज्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हे पॅनल गंजायचे नाहीत. बॉनेट, छप्पर आणि डिकीचं झाकण पत्र्याचंच होतं. उन्हात प्लास्टिक प्रसरण पावतं म्हणून पॅनलच्या मधल्या फटी मुद्दाम रुंद ठेवल्या होत्या, त्यामुळे गाडी थोडी ढिली जोडल्यासारखी दिसायची खरी.

शोरूम आणि विश्वास

अमेरिकेत नवीन गाडी घेणं म्हणजे तेव्हा (आणि बऱ्याच ठिकाणी आजही) घासाघीस आणि डोकेदुखी. सॅटर्नने एकच किंमत ठेवली, लिहिली तेवढीच, कमी नाही जास्त नाही. सेल्समन कमिशनवर नसल्याने मागे लागायचे नाहीत. गाडी पटली नाही तर 30 दिवसांत किंवा 1500 मैलांच्या आत परत करता यायची. आणि डिलिव्हरीच्या वेळी शोरूममधले सगळे, मेकॅनिकपासून रिसेप्शनिस्टपर्यंत, गोळा व्हायचे, टाळ्या वाजवायचे, गाडीसोबत फोटो काढायचे. काहींना हे अवघडल्यासारखं व्हायचं, पण पहिल्यांदाच नवी गाडी घेणाऱ्या साध्या नोकरदार माणसाचं, आणि खास करून एकट्या बाईमाणसाचं, इतक्या मानाने स्वागत दुसरं कोण करत होतं? बायकांना शोरूममध्ये हमखास फसवलं जायचं अशा काळात एकच किंमत हा फार मोठा दिलासा होता.

लगेच परीक्षाही झाली. 1991 मध्ये पुरवठादाराकडून आलेलं खराब कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) 1,836 गाड्यांमध्ये भरलं गेलं. सॅटर्नने इंजिन धुवून दिलं नाही, त्या सगळ्या गिऱ्हाइकांना अख्ख्या नव्या गाड्या दिल्या. 1993 मध्ये वायरिंगला आग लागण्याच्या शक्यतेमुळे साडेतीन लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, तर डीलर लोकांनी त्या दिवसांत खाणंपिणं ठेवलं, गाड्या धुवून दिल्या. दुसऱ्या ब्रँडची अशाने नाचक्की झाली असती, सॅटर्नची इज्जत वाढली. कस्टमर सॅटिस्फॅक्शनच्या यादीत ती लेक्सस आणि इन्फिनिटी या महागड्या ब्रँडच्या पंगतीत बसायची, किंमत त्यांच्या निम्म्याहून कमी असताना.

याचा कळस म्हणजे जून 1994 चं होमकमिंग. कंपनीने सगळ्या मालकांना कारखाना बघायला बोलावलं आणि सुमारे 44,000 माणसं गाड्या घेऊन स्प्रिंग हिलला पोचली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाकडून सुद्धा. ज्या कामगारांनी आपली गाडी जोडली त्यांना भेटायला. त्याच वर्षी 2 लाख 86 हजारांच्या वर गाड्या विकल्या गेल्या आणि पुन्हा तो आकडा कधी गाठता आला नाही.

मालकांचे अनुभव

जुन्या एस सिरीजवाल्याशी बोलायला लागलं की पहिली पाच मिनिटं कौतुक आणि मग विषय ऑइलवर येतोच. ही गाडी ऑइल खाते. पिस्टनच्या ऑइल रिंगमधून ऑइल परत खाली जायला नीट वाट नाही, तिथे कार्बन साचतो, रिंगा अडकतात आणि ऑइल जळायला लागतं. लाखभर मैल झालेल्या गाडीत दर हजार मैलांना जवळपास लिटरभर टाकावं लागणं यात मालकांना काही विशेष वाटत नाही. इंजिनात मुळात मावतं चारेक लिटर, त्यामुळे ज्याने लक्ष दिलं नाही त्याची टायमिंग चेन आवाज करायला लागते आणि मग इंजिनच जातं. म्हणून जुन्या मालकाचा शिरस्ता ठरलेला: पेट्रोल भरलं की डिपस्टिक बघायची, डिकीत ऑइलची बाटली कायम. काहीजण स्पार्क प्लग काढून त्या भोकांतून केमिकल ओततात, रात्रभर मुरू देतात आणि सकाळी सगळा काळा रबरबाट काढून टाकतात, काहींचा ऑइलचा खर्च त्याने खरंच कमी होतो. बाकी कूलंटच्या सेन्सरचं प्लास्टिकचं टोक तडकणं आणि ऑटोमॅटिकमध्ये रिव्हर्स टाकताना जोरात धक्का बसणं, हीसुद्धा नेहमीची दुखणी.

पण एवढं करून त्या गाड्या चालतात. ऑइलची नीट काळजी घेतलेली एसएल दोन लाख मैल सहज काढते, काम घरच्या घरी करता येतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टरसुद्धा इंजिनच्या ऑइल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून काढता येतो. पॅनल बोल्टचे असल्याने धडक बसली तर भंगारवाल्याकडून त्याच रंगाचा फेंडर आणायचा आणि एका दुपारी बसवून टाकायचा. म्हणून ती विद्यार्थ्यांची, कुरियरवाल्यांची, कमी पगारात लांब कामाला जाणाऱ्यांची सेकंडहँड गाडी झाली.

नंतरच्या गाड्यांचे अनुभव इतके एकसारखे नाहीत. व्ह्यू या एसयूव्हीच्या सुरुवातीच्या काही गाड्यांतला सीव्हीटी (बिनपायऱ्यांचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स इतका खराब निघाला की वॉरंटी वाढवून द्यावी लागली, आणि त्याच व्ह्यूमध्ये 2004 पासून होंडाचं 3.5 लिटर व्ही6 बसवलेल्या गाड्या मात्र आजही लोक शोधून घेतात (टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला पाहिजे एवढंच). आयॉन ही एस सिरीजची जागा घेणारी गाडी 2003 च्या मॉडेलला आली, आतलं प्लास्टिक अगदी हलकं, मीटर मधोमध, जुन्या मालकांना ती आवडलीच नाही. त्याहून गंभीर गोष्ट 2014 मध्ये उघड झाली: आयॉन, शेवरोले कोबाल्ट आणि जीएमच्या इतर काही गाड्यांचं इग्निशन स्विच इतकं ढिलं होतं की जड जुडग्याने किल्ली आपोआप फिरायची, इंजिन बंद, एअरबॅग बंद. जीएमच्या भरपाई निधीने सगळ्या मॉडेलांचे मिळून 124 मृत्यू मान्य केले. आतल्या लोकांना ही अडचण वर्षानुवर्षं माहीत होती. कूलंटसाठी अख्खी गाडी बदलून देणाऱ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला हे यावं याचा राग आजही जुन्या मालकांना आहे आणि तो रास्त आहे.

उतरण आणि शेवट

सॅटर्नला मारलं ते नव्या मॉडेलच्या उपासमारीने. शेवरोले, पॉन्टिअॅक, ओल्ड्समोबिल या जीएमच्या बाकीच्या ब्रँडना सगळ्यांना वाटायचं की आपले पैसे या लाडक्या लेकराकडे जातात, म्हणून पहिल्या यशानंतर हेड ऑफिसने हात आखडता घेतला. 1991 ला एसएल घेतलेल्या जोडप्याला पुढे दोन मुलं झाली, मोठी गाडी हवी झाली, तर सॅटर्नकडे द्यायला काहीच नाही. मोठी एल सिरीज आली 1999 मध्ये, ती जीएमच्या तेव्हाच्या युरोपियन ब्रँडच्या, ओपेलच्या, व्हेक्ट्रावर बेतलेली आणि डेलावेअरच्या कारखान्यात बनलेली. तोवर ते जोडपं होंडा अकॉर्ड घेऊन मोकळं झालं होतं. 2004 पर्यंत युनियनचा वेगळा करारही गेला, आणि मार्च 2007 मध्ये स्प्रिंग हिलला सॅटर्न बनणंच थांबलं.

गंमत म्हणजे गाड्या सगळ्यात चांगल्या आल्या त्या शेवटी. ऑरा सेडानला 2007 चा नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर मिळाला, स्काय ही दोन सीटची उघडी गाडी दिसायला फारच देखणी होती, आणि अॅस्ट्रा तर थेट बेल्जियमहून आणलेली ओपेल, आपल्याकडे नव्वदच्या दशकात गुजरातेत हालोलला बनायची त्याच नावाच्या गाडीची पुढची पिढी. पण यातलं सॅटर्नचं स्वतःचं असं फारसं काही नव्हतं, पॉलिमरचे दरवाजे गेले होते.

1 जून 2009 ला जीएम दिवाळखोरीत गेली. लगेच चार दिवसांनी पेन्स्की ऑटोमोटिव्ह ही गाड्यांच्या शोरूमची मोठी साखळी सॅटर्न विकत घेणार असं जाहीर झालं, डीलरांनी सुटकेचा श्वास टाकला. कल्पना अशी की काही काळ जीएम गाड्या बनवून देईल आणि नंतर दुसरी कंपनी देईल. ती दुसरी कंपनी रेनॉ, आणि तिने ऐनवेळी नाही म्हटलं. 30 सप्टेंबर 2009 ला पेन्स्कीने माघार घेतली आणि त्याच दिवशी जीएमने ब्रँड बंद करत असल्याचं सांगितलं. सुमारे 350 शोरूम ऑक्टोबर 2010 पर्यंत गुंडाळली गेली.

बंद झाल्यावर वॉरंटीची कामं जीएमच्या इतर डीलरकडे गेली. शेवरोले 2017 अखेर भारतातून गेल्यावर बीट आणि क्रूझवाल्यांची जी धावपळ झाली ती आपल्याला माहीत आहे, सॅटर्नवाल्यांचं त्या मानाने बरं चाललं, कारण इंजिन, ब्रेक, सस्पेन्शनचे बरेच पार्ट जीएमच्या इतर गाड्यांचेच. अडतं ते एस सिरीजच्या पॅनलना आणि आतल्या प्लास्टिकला, ते फक्त भंगारात मिळतं आणि तिथेही आता जुन्या सॅटर्न कमी होत चालल्यात. स्कायची टर्बोवाली रेड लाइन आणि होंडा इंजिनची व्ह्यू या दोन गाड्यांना चांगली मागणी आहे, बाकीच्या हजार-दोन हजार डॉलरलाही जातात. स्प्रिंग हिलचा कारखाना चालू आहे आणि तिथे आता कॅडिलॅकच्या गाड्या बनतात, त्यात लिरिक ही इलेक्ट्रिक गाडीसुद्धा आली.