पार्श्वभूमी : ध्रुवीकरणाचा आकडा येतो कुठून?

समाजमाध्यमे येण्याच्या खूप आधीपासून मतांची दुफळी, म्हणजेच ध्रुवीकरण, मोजली जात होती. अमेरिकी मतसर्वेक्षणांत विरोधी पक्षाबद्दल किती आपुलकी वाटते, हे लोक ० ते १०० अंशांच्या ‘तापमापका’वर सांगत. विचारायचे आणि उत्तर टिपून घ्यायचे, एवढीच पद्धत.

२००५ च्या एका अभ्यासात विचारणेच वगळले गेले. २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या काळातले सुमारे दीड हजार राजकीय ब्लॉग घेऊन कोण कोणाचा दुवा देतो, एवढेच पाहिले. मुख्यतः आपापसांतच दुवे देणाऱ्या ब्लॉगांचे दोन वेगळे पुंजके दिसले. पुढे हीच पद्धत ट्विटरवर रुळली. तिथला डेटा फुकट आणि मुबलक होता, या कारणाचा उल्लेख शोधनिबंधांत फार ठळक नसतो.

खरी मेख २०११ च्या अभ्यासात आहे. २०१० च्या अमेरिकी संसदेच्या मध्यावधी निवडणुकीआधीच्या सहा आठवड्यांतले अडीच लाख राजकीय ट्वीट त्यात तपासले होते. रीट्वीटचे, म्हणजे कोणी कोणाचे ट्वीट जसेच्या तसे पुढे पाठवले याचे, जाळे दोन तटांत फाटलेले निघाले. कोणी कोणाचे नाव घेऊन बोलले, याचे जाळे मात्र तसे फाटलेले नव्हते. डावे-उजवे एकमेकांशी बोलत होते, बहुधा भांडतच. काळ तोच, विषय तोच, चित्रे दोन. मूळ अभ्यासाने ती दोन्ही प्रामाणिकपणे मांडली. नंतरच्या बऱ्याच कामाने मात्र रीट्वीट म्हणजे पाठिंबा असे गृहीत धरून दुसरे जाळे सोडून दिले. प्रतिवाद आणि टोमणे गाळल्यावर आपापल्या गोटातली वाहवाच उरते. तिच्यात दुफळी दिसली नसती तरच नवल. शिवाय रीट्वीट टर उडवायलाही होते. २०१५ पासून वर स्वतःची टिप्पणी जोडता येऊ लागली, तेव्हा हे गृहीतक आणखी डळमळले.

दुफळी मोजण्याच्या गणिती सूत्रांवरही आक्षेप आले. जाळ्यात गट पडले म्हणजे त्यांच्यात वैर आहे असे नव्हे, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. २०२२ मध्ये त्याहून अडचणीची गोष्ट पुढे आली : कसलीही दुफळी नसलेल्या, यादृच्छिकपणे जोडलेल्या जाळ्यांनाही प्रचलित निर्देशांक चढे गुण देतात.

२०२३ मध्ये ट्विटरने संशोधकांचा फुकट डेटा बंद केला. त्याच वर्षी, २०२० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फेसबुक-इन्स्टाग्रामवर कंपनीच्याच सहकार्याने केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. तीन महिने फीड (समोर येणाऱ्या पोस्टची यादी) अल्गोरिदमच्या निवडीऐवजी कालक्रमाने दाखवूनही वापरकर्त्यांच्या राजकीय वृत्तीत लक्षणीय फरक पडला नव्हता. या प्रयोगांत दुफळी मोजली होती ती मुख्यतः लोकांना प्रश्न विचारूनच.